दर दोन सेकंदाला नवी हवा

जोडणीच्या कॉम्प्युटरच्या यादीत कॅबिनेट सगळ्यात शेवटी येतं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी यांचे पैसे मोजून झाले की उरलेल्या दोन-तीन हजारांत बसेल ते उचलायचं, असाच रिवाज आहे. दुकानात चारपाच कॅबिनेटं ओळीनं मांडलेली असतात. समोर काच आणि काचेमागे रंगीत पंखे असलेलं डोळ्यांत भरतं, आणि तेच घरी येतं. या लोखंडी पेटीला काय काम करावं लागतं याचा हिशोब मांडून बघितला, की तिच्याकडे बघायची नजरच बदलते.

हिशोबाला नारायणगड घेऊ. नगद नारायण महाराजांचा हा गड म्हणजे बीड जिल्ह्यातल्या भाविकांची धाकटी पंढरी. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर. वैशाखातल्या दुपारी इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. गडाच्या आसपासच्या एखाद्या गावात, पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोलीत, कुणी घरी जोडलेल्या कॉम्प्युटरवर लग्नाचे व्हिडिओ एडिट करत बसलंय, असं समजा. मधल्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि काम जोरात चालू आहे. अशा वेळी मशीन २५० वॅट वीज सहज खातं आणि तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. बाहेरची हवा ४० अंश. आत शिरलेली हवा फार तर १० अंशांनी तापून, ५० अंशांवर बाहेर पडावी, एवढीच आपली अपेक्षा आहे. तर किती हवा लागेल?

उंचीमुळे आणि उन्हामुळे इथली हवा विरळ असते. एक घनमीटर हवेचं वजन जेमतेम १.०६ किलो भरतं. एवढी हवा एका अंशानं तापवायला साधारण १०७० ज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं सेकंदाला सुमारे २३ लिटर. मध्यम आकाराच्या कॅबिनेटच्या पोटात ४५ लिटर जागा धरली, तर दर दोन सेकंदाला आतली सगळी हवा बाहेर जाऊन नवी आत यायला हवी. तीही दिवसभर, न थांबता. मला तरी या आकड्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. कॅबिनेट म्हणजे हवेचा रस्ता आहे. प्रोसेसर आणि बाकीचं सामान त्या रस्त्यात बसवलेलं असतं.

हवेला किती राबावं लागतं ते पाण्याशी तुलना केल्यावर कळतं. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात उष्णता द्रवाच्या नळ्यांमधून बाहेर काढतात, ती यामुळेच. घरच्या मशीनला हवा पुरते, पण तिची वाट मोकळी हवी.

इथे एक समज तपासायला हवा. गरम हवा आपोआप वर जाते, मग कॅबिनेटला वर भोकं असली की झालं, असं बरेच जण म्हणतात. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात छताला सवणं ठेवलेलं असे. चुलीचा धूर आणि ऊब त्यातून वर निघून जाई. तिथे चुलीपासून छतापर्यंत चांगली उंची मिळायची आणि धगही मोठी असायची. कॅबिनेटची उंची दीड फूट आणि तापमानातला फरक १० अंश. एवढ्यातून वर ढकलणारा दाब निघतो ०.१५ पास्कलच्या आसपास. साधा १२० मिलिमीटरचा पंखा १० ते २० पास्कल दाब सहज देतो, म्हणजे जवळपास शंभर पट. तेव्हा आत हवा कुठून कुठे जाईल हे पंखेच ठरवतात. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर ही रीत पक्की झाली ती त्यामुळे.

म्हणून दुकानात सगळ्यात आधी कॅबिनेटचं तोंड बघा. समोर सलग काच असेल तर पंखे कितीही झगमगू देत, त्यांना हवा मिळते ती कडेच्या बोटभर फटीतून. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट त्याच किमतीत मिळतं, दिसायला साधं असतं आणि माझ्या मते तेच घ्यावं.

ती जाळी जवळून बघण्यासारखी असते. पुष्कळदा भोकं षट्कोनी असतात. भोकाची रुंदी दीड मिलिमीटर आणि दोन भोकांमधली पत्र्याची पट्टी अर्धा मिलिमीटर धरली, तर गोल भोकांतून ५१ टक्के जागा मोकळी राहते, षट्कोनांतून ५६ टक्के. पट्टी तेवढीच रुंद, वाट साधारण दहा टक्क्यांनी मोठी. आणि याच भोकांतून हवा जाते, पण रेडिओ लहरी जात नाहीत. वायफायची लहर २.४ गिगाहर्ट्झवर साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. दीड मिलिमीटरच्या भोकातून ती जवळजवळ पार होतच नाही. आतल्या सर्किटांचा गोंगाट आत राहतो आणि वारा खेळता राहतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी याच नियमावर चालते.

पंख्यांचं गणितही असंच थक्क करणारं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज लागते आठव्या हिश्शाएवढी. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगात पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगात फिरवले, तर हवा साधारण तेवढीच येते, वीज पाव होते आणि आवाज कितीतरी खाली येतो. कॅबिनेटसोबत तीन साधे पंखे मिळत असतील तर एका दिमाखदार पंख्यापेक्षा ते परवडले. मात्र ते मदरबोर्डला जोडता येतात ना, हे विचारून घ्या. थेट एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोठ्या चार पिनांवर चालणारे पंखे कायम पूर्ण वेगात घोंघावतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, हिशोब-टायपिंगच्या मशीनला ६०-७० वॅटच हवेवर टाकायचे असतात. तिथे मागचा एक पंखा पुरे.

धुळीचं काय? बीड जिल्ह्यात वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच साठवून ठेवायची पद्धत आहे. त्याचे तंतू हवेत तरंगतात, पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या पाकळ्यांना चिकटतात, आणि त्यावर मातीची बारीक धूळ बसली की नमद्यासारखा थर तयार होतो. यावर उपाय सोपा आहे. आत ओढणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवला, तर कॅबिनेटमध्ये दाब किंचित जास्त राहतो. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेर निघते आणि धूळ आत यायला आत ओढणाऱ्या पंख्यांपुढच्या फिल्टरचाच रस्ता उरतो. फिल्टर काढून नळाखाली धुता येईल असा हवा. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवलं तर धूळ आणखी कमी होते. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात मात्र ठेवू नका. तिथे बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

स्वस्त कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळत असेल तर त्यावरचं लेबल वाचा. वर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असेल, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येतात १६८ वॅट. आतले कपॅसिटर १० अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपला उन्हाळा तर ठरलेलाच. कॅबिनेटवर वाचवलेले पैसे चांगल्या एसएमपीएसला लावावेत.

एसएमपीएसचा आणखी एक अनुभव गावोगाव येतो. कॅबिनेटच्या मागच्या बिनरंगाच्या पत्र्याला हाताची पालथी बाजू लागते आणि झिणझिण्या येतात. ‘कॅबिनेट करंट मारतंय’ म्हणून लोक पेटीलाच दोष देतात. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याला. ते विजेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडायला बसवलेले असतात. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये अधांतरी लटकतो, आणि २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट त्याच्यावर येतात. प्रवाह मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, तरी त्वचेला कळतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घाला. झटका जोराचा असेल तर बिघाड दुसरा असू शकतो, तेव्हा प्लग आधी काढा.

आता ज्याच्याकडे दोन हजारही नाहीत त्याच्यासाठी. त्याला जुनं कॅबिनेटही चालतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागच्या जोडण्यांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर. कार्डांच्या खाचांमधलं २०.३२ मिलिमीटरचं अंतर तर त्याहून जुनं, आयबीएमच्या १९८३ च्या पीसी एक्सटीपासूनचं. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलं आणि ही मापं तशीच राहिली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या, भंगारात निघालेल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये या वर्षीचा मदरबोर्ड बसतो. पॉवरचं बटणही चालतं, कारण ते दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवण्याशिवाय काही करत नाही.

असं कॅबिनेट घेताना टेप सोबत न्या. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आत मावते का ते मोजा. समोरची सीडी ड्राइव्हची प्लास्टिकची झाकणं काढून तिथे जाळी लावा. हवेची वाट तयार होते. स्क्रू दोन जातीचे निघतील, जाड आट्यांचे इंचाला ३२ वाले आणि बारीक आट्यांचे ३ मिलिमीटरचे. जाड स्क्रू बारीक आट्यांत पिळला तर भोक कायमचं जातं. मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचे खुंट, बोर्डाच्या भोकांशी जुळवून बघा आणि जे जुळत नाहीत ते काढून टाका. एखादा चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो, आणि नवाकोरा बोर्ड पहिल्याच दिवशी जाऊ शकतो.