नाडीची गाठ, पाठीवरचा हूक

२०२४च्या नोव्हेंबरात ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकिगत छापून आली. एक सत्तरीची, दुसरी साठी ओलांडलेली. दोघींच्या कमरेच्या उजव्या बाजूला न भरणारी जखम होती. एकीची दीड वर्षं चिघळत होती, दुसरीची दोन वर्षं. तुकडा काढून तपासला तेव्हा दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला. लिहिणारे डॉक्टर वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले. पहिली बाई वर्षानुवर्षं परकराची नाडी आवळून त्यावर साडी नेसत आलेली. दुसरी परकर न घालता लुगडंच कमरेला घट्ट बांधणारी, तेही चाळीसेक वर्षं.

घट्ट बांधणीचा आणि कर्करोगाचा हा संबंध काही नवा नव्हता. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पहिल्या पिढीतले. त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध लिहिला होता. लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांविषयीच्या त्या निबंधानंतर धोतराच्या घट्ट आवळणीशी जोडलेला कमरेचा कर्करोग वैद्यकात ओळखीचा झाला. म्हणजे बायकांच्या परकराआधी पुरुषांच्या धोतराची नोंद झाली. आजार दुर्मीळ आहे, घाबरून परकर फेकायची गरज नाही. पण त्याच्या कितीतरी आधीचा टप्पा, म्हणजे कमरेभोवतीचा काळा वळ, उन्हाळ्यातली खाज, घामाने सोललेली कातडी, हा इतका सर्रास दिसतो की त्याला आजार म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

नाडी एवढी का काचते, याचं उत्तर हिशेबाने देता येतं. कातडीवर पडणारा दाब तीन गोष्टींवर ठरतो: नाडी किती ताणली आहे, ती किती रुंद आहे आणि तिच्याखालचं अंग किती गोलाईचं आहे. ताण तेवढाच ठेवून चार मिलिमीटरच्या नाडीऐवजी चार सेंटिमीटरचा पट्टा बांधला, तर दाब दहाव्या हिश्शावर येतो. गोलाईचं गणित उलटं. पोटाच्या सपाटीवर दाब कमी, कुशीच्या वळणावर जास्त, कारण तिथे वळण आखूड असतं आणि खाली हाडही जवळ. नेमकी तिथेच परकराची चीर येते आणि तिथेच गाठही बसते.

आता खरी गंमत. साडी घसरू नये म्हणून नाडी आवळतात. अर्धा किलोपासून किलोभरापर्यंतचं कापड, निऱ्यांचा गठ्ठा, त्यात चालणं, वाकणं, बसची पायरी चढणं. हे सगळं तोलते ती घर्षणाची पकड. आणि ढोबळमानाने घर्षणाचा नियम असा की पकड एकूण ताणावर ठरते, पट्ट्याच्या रुंदीवर नाही. म्हणजे तेवढ्याच ताणाचा रुंद पट्टा साडी तेवढीच पक्की धरतो, फक्त काचत नाही. बारीक नाडी जी वेदना देते, तिच्या बदल्यात जास्तीची पकड काहीच देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी सोसलेला हा काच निव्वळ फुकटचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाडीचे गुणही मान्य केले पाहिजेत. ती मापाच्या भानगडीत पडत नाही. बाळंतपणाआधी आणि नंतर तोच परकर चालतो. सुती नाडी खरबरीत असल्याने गाठ धरून ठेवते, सॅटिनची किंवा नायलॉनची गुळगुळीत नाडी सुरगाठीत टिकत नाही. मग बायका निरगाठ मारतात आणि रात्री दाताने सोडवतात. नाडीचा मोठा दोष असा की ती देत नाही. बसलं, जेवलं, श्वास घेतला की कंबर वाढते, नाडी मात्र तेवढीच राहते. दिवाळीच्या फराळानंतर कोण काय सैल करतं, हे सांगायला नकोच. उपायही साधे आहेत: कमरपट्टी रुंद आणि दुहेरी कापडाची, तीत नाडी फक्त जुळवणीपुरती, गाठीखाली कापडाचा एक जास्तीचा पदर, पट्टी कमरेच्या खोबणीत न आवळता थोडी नितंबावर टेकणारी. शिवणाऱ्याला हे पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून होत नाही.

कमरेवरून पाठीकडे वळू. छातीचा आधार बांधायचा तर तो मोकळा होतो कुठे, हा प्रश्न जुना आहे. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत २००८ साली जमिनीखालच्या भरावात जुन्या कपड्यांचे तुकडे सापडले. त्यांत पंधराव्या शतकातल्या, वाट्या शिवलेल्या तागाच्या चोळ्या निघाल्या. एकीच्या बाजूला ओळीने छिद्रं होती, दोरी ओवून आवळायला. इन्सब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे जगापुढे मांडलं, तेव्हा ब्रा ही विसाव्या शतकाची निर्मिती म्हणणाऱ्यांना शब्द मागे घ्यावे लागले. विसाव्या शतकाची बाजू सांगायची तर अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांनी ३ नोव्हेंबर १९१४ रोजी पाठमोकळ्या ब्राचं पेटंट मिळवलं. तीही फितींनी बांधायची. पुढे ते हक्क त्यांनी वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेट कंपनीला दीड हजार डॉलरना विकले.

मार्क ट्वेन यांनी ब्राचा हूक शोधला, ही गोष्ट इंटरनेटवर फार लाडकी आहे. खरं इतकंच की १९ डिसेंबर १८७१ रोजी त्यांच्या सॅम्युएल क्लेमन्स या मूळ नावाने एक पेटंट निघालं. ते होतं कपड्यांना लावायच्या काढत्या-घालत्या लवचीक पट्ट्याचं, वेस्ट आणि पँटलून डोळ्यांपुढे ठेवून. बाकीची कथा वाचकांनी शिवून जोडली.

हूक आणि आय (हूक अडकतो ती कडी) मात्र खरोखर हुशार जोडी आहे. तिचं मर्म असं, की तिला बंद ठेवतो तो ताणच. पट्टा जितका ओढला जाईल, तितका हूक आयमध्ये घट्ट बसतो. सोडवायचा तर उलट, दोन्ही टोकं जवळ आणून आधी ताण काढावा लागतो. धावताना, वाकताना असं सहसा होत नाही, म्हणून हूक सुटत नाही. प्रेसबटण आडव्या ओढीला टिकतं, पण कडेने उचकटलं की टपकन उघडतं. वेल्क्रोचं तसंच, शिवाय ते धुण्यात लेस पकडतं आणि शांत खोलीत उघडलं की सगळ्यांना कळतं.

एवढी हुशारी असूनही हूक टोचतो कशामुळे? बहुतेक वेळा तो स्वतः दोषी नसतो. त्याच्यामागची पट्टी अरुंद असते, किंवा हुकाच्या मागे मऊ कापडाचं अस्तर नसतं, किंवा कडा शिलाईने जाड होऊन कण्यावर घासते. चांगल्या पट्टीत दोन हुकांमध्ये साधारण पाऊण इंच अंतर असतं, आयच्या तीन रांगा असतात आणि कातडीच्या बाजूला लवदार कापड. जड आधाराला तीन-चार हूक लागतात आणि तिथेही तेच रुंदीचं गणित लागू होतं. ब्राचं बहुतेक ओझं खांद्यावरचे पट्टे नव्हे, तर छातीभोवतीची पट्टी पेलते. पट्टी सैल पडली की बायका खांद्याचे पट्टे ओढतात, आणि मग खांद्यावर खळ्या पडतात. म्हणून नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेत बसायला हवी. इलॅस्टिक थकत जाईल तसं आतल्या रांगांकडे सरकायचं, त्यासाठीच त्या रांगा दिलेल्या असतात. दुकानात आतल्या रांगेत घट्ट बसवून घेतलेली ब्रा महिन्याभरात झोळी होते.

इलॅस्टिकचं श्रेय लंडनच्या थॉमस हँकॉक यांना जातं. हातमोजे, मोजे, बूट अशा वस्तूंना रबराचे बंद लावण्याचं पेटंट त्यांनी १८२० मध्ये घेतलं. उन्हात चिकट होणारं आणि थंडीत तडकणारं ते रबर पुढे गंधक घालून तापवल्यावर सुधारलं. मग १९५८ साली ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स काढलं, जे आपण लायक्रा म्हणून ओळखतो. रबराचे शत्रू आपल्या घरातच असतात: खोबरेल तेल, कडक ऊन, घाम. स्पँडेक्सला ब्लीच चालत नाही. चड्डीचं इलॅस्टिक सैल होण्यामागे बाजारातल्या मालाइतकीच आपली वाळत घालायची तारही असते.

धातूचाही एक प्रश्न आहे. गेल्या शतकाच्या मध्यात युरोपात बायकांच्या मांड्यांवर ठरावीक जागी पुरळ उठू लागलं. मोजे अडकवायच्या धातूच्या चिमट्यांत निकेल होतं. पुढे चिमटे गेले, जीन्सचं बटण आलं आणि पुरळ बेंबीपाशी सरकलं. युरोपीय संघाने १९९४ मध्ये नियम केला, की कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. चांगल्या हुकांवर आज नायलॉनचा थर असतो. तो टवका उडाल्यासारखा सोलला, की हूक टाकून द्यावा. पावसाळ्यात गंजाचा डाग कपड्यावर उमटतो तो वेगळाच.

राहता राहिला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न: हात तिथपर्यंत पोचतो का? फ्रोझन शोल्डर झालेल्या बाईला पाठीमागे हात नेणं हीच मुख्य अडचण असते, मग हूक कितीही चांगला असो. स्तनावर शस्त्रक्रिया झालेल्यांना, संधिवाताने बोटं वाकलेल्यांना समोरून उघडणारी ब्रा हवी, आणि तीही लहान हुकांऐवजी मोठ्या, बोटात धरता येतील अशा बंदांची. अंगावर पाजणाऱ्या आईला एका हाताने उघडणारा चाप लागतो, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. हा चाप एका हाताने लावताही यायला हवा, आणि बऱ्याच कंपन्या नेमकं हेच विसरतात. अलीकडे चुंबकाचे बंद आले आहेत. ते एका चिमटीत जुळतात, पण पेसमेकर बसवलेल्यांनी ते टाळावेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा की जोरदार चुंबक रोपण केलेल्या उपकरणांपासून सहा इंच तरी दूर ठेवावा, आणि छातीवरच्या बंदाला तेवढं अंतर कुठून मिळणार?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तर बंद लावणाराच दुसरा असतो. तिथे पाठीखालचा प्रत्येक हूक आणि प्रत्येक गाठ रात्रभर अंगाखाली दबून राहते. त्यांच्यासाठी बंद कुशीला किंवा पुढे घ्यावा, नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टी वापरावी आणि शिवणीची जाड बाजू बाहेर ठेवावी. शेजारच्या शिंप्याकडून हे जुन्या परकरावरही करून घेता येतं.