पामचं फावडं आणि एडिसनचा बर्फ

आमच्या पामच्या घराच्या पडवीत एक फावडं कायम उभं असतं. दांडा बाभळीचा, पातं झिजून वीतभर उरलेलं. पावसाळ्यात वाडीत तुंबलेल्या पाण्याला वाट काढून द्यायची, गटारातला गाळ ओढायचा, एरवी माडाच्या बुंध्याशी आळं करायचं, एवढ्या सगळ्याला ते एकच पुरतं. ते कुणी 'निवडलं' होतं असं घरात कुणाला आठवत नाही. पातं बोईसरच्या बाजारातून आणलं, दांडा सुताराने घातला, झालं. त्यामुळे वयाच्या बासष्टाव्या वर्षी अमेरिकेतल्या एका अवाढव्य दुकानात फावड्यांच्या रांगेसमोर मी अर्धा तास उभा राहीन आणि 'यातलं कुठलं घ्यावं?' या प्रश्नाने घामाघूम होईन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

निमित्त होतं मुलीच्या बाळंतपणाचं. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात आता असं एखादं तरी निमित्त पुष्कळ घरांत निघतं. तारापूरच्या अणुवीज केंद्रात, औद्योगिक वसाहतीत किंवा आमच्यासारखी बँकेत नोकरी करून ज्यांनी मुलांना शिकवलं, त्यांची मुलं तिकडे गेली आणि आईबाप बाळंतपणाला जाऊ लागले. बाळंतपण काही ऋतू पाहून येत नाही. आमच्या वाट्याला जानेवारी आला, आणि गाव न्यू जर्सीतलं एडिसन.

डिसेंबरातच जावई म्हणाले, "बाबा, जुनं शव्हल मोडलंय. नवं घेऊन येऊ." दुकानात गेलो तर वीस-पंचवीस प्रकार! प्लॅस्टिकची, अॅल्युमिनियमची, पोलादी धारेची, सरळ दांड्याची, वाकड्या दांड्याची, बाळाच्या पाळण्याएवढी. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस मी. मनात हिशेब मांडला. रुंद पातं, म्हणजे एका खेपेत जास्त माल, म्हणजे कमी खेपा, म्हणजे लवकर सुटका. सगळ्यांत रुंद फावडं उचललं आणि जावयांच्या हाती दिलं. ते बिचारे सासऱ्याला काय बोलणार?

मुलगा झाला (म्हणजे मला नातू झाला), आणि दुसऱ्या रात्री बर्फ पडला. सकाळी दार उघडलं तर अंगण, रस्ता, मोटार यांच्यात भेद उरला नव्हता. मला पहिल्यांदा आठवली ती वसई-नायगावकडची मिठागरं. तसेच पांढरे ढीग, फक्त इथे समुद्र नव्हता. दुपारी लेक बाळाला घेऊन घरी यायची होती, जावई तिच्याजवळ इस्पितळात होते, सौ. आत डिंकाच्या लाडवांच्या तयारीत. म्हटलं, नातवाची वाट आजोबाने मोकळी करायची नाही तर कुणी? कानटोपी घातली आणि ते रुंद फावडं घेऊन बाहेर पडलो.

पंधरा मिनिटांत माझी हवा गेली. बर्फ ओला होता. फावडं भरलं की उचलवेना, उचललं की लांब फेकवेना. हात भरून आले, छातीवर कुणी पाट ठेवावा तसं वाटू लागलं. मी रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस. पण थांबलो नाही, कारण समोरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं आणि मला उगाच वाटत होतं की आता सगळ्या भारत देशाची अब्रू माझ्या हातात आहे. शेवटी शेजारचे एक वयस्क गृहस्थ आपलं यंत्र ढकलत आले, काही न बोलता माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि मला पायरीवर बसवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "छातीत दुखतंय का?" पाचेक मिनिटांत बरं वाटलं, पुढे डॉक्टरांनीही तपासून सोडून दिलं. पण तो प्रश्न त्यांनी इतक्या सवयीने विचारला की मी नंतर त्याचाच पिच्छा पुरवला.

आधी मी बँकवाल्याचा हिशेब केला, जो दुकानात करायला हवा होता. मोटार उभी करायची वाट समजा पाच मीटर रुंद, बारा मीटर लांब. त्यावर वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर बर्फ. झाले बारा घनमीटर. भुसभुशीत ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, म्हणजे बाराशे किलो. ओला, चिकट बर्फ सहज तिप्पट भरतो, म्हणजे छत्तीसशे किलो. पन्नास किलोची तांदळाची बहात्तर पोती! पाममध्ये कुणी मला म्हणालं असतं की 'काका, न्याहारीआधी एवढी बहात्तर पोती ट्रकमधून उतरवा', तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तेच काम बर्फाचं आहे म्हणून मी हौसेने अंगावर घेतलं. पांढरी वस्तू हलकी असते असा आपला एक गैरसमज आहे, बहुधा कापसामुळे.

डॉक्टरांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. १९९५ साली अमेरिकेत दहा निरोगी पण व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांना ओला बर्फ उपसायला लावून त्यांची नाडी मोजली. ठोके मिनिटाला सरासरी १७५ पर्यंत चढले. तसाच बर्फ यंत्राने काढताना १२४ च्या आसपास राहिले. १९९० ते २००६ या सतरा वर्षांचा आणखी एक अभ्यास आहे. बर्फ उपसताना काही होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येणारे वर्षाला सुमारे साडेअकरा हजार. त्यांत कंबर धरलेले सर्वांत जास्त. पण त्या काळातले १,६४७ मृत्यू सगळेच्या सगळे हृदयाचे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ च्या नोंदींवरून असं दिसलं की मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पुरुषांत हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू वाढतात. बायकांत तसं आढळलं नाही. संशोधकांचा तर्क असा की फावडं घेऊन पुरुषच बाहेर पडतात. सौ.ला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "त्यात संशोधन कसलं?"

कारण समजायला अवघड नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. त्यात काम हातांचं, पायांचं नव्हे. आणि जड उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. वेळही नेमकी सकाळची, जेव्हा झटक्याचं भय मुळातच जास्त. भारतीय वंशाच्या लोकांना हृदयविकार काहीसा लवकर गाठतो हे तर आता आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणून फावड्याच्या आधी निवडायचा तो फावडं धरणारा. साठीच्या पुढचा, गोळ्या चालू असलेला, वर्षभर जिना सोडून काही न चढलेला माणूस त्या यादीत बसत नाही, मग त्याने तरुणपणी पामच्या वाडीत कितीही आळी केलेली असोत. जाताजाता बँकवाल्याचं एक: आईबापांसाठी जी प्रवासी विमा पॉलिसी काढतात, तिच्यात पुष्कळदा आधीपासूनचे आजार धरलेले नसतात. ती अटींची बारीक छपाई विमानात बसण्याआधी वाचावी.

धरणारा ठरला की फावड्याचा विचार करावा. आपलं फावडं आणि तिथलं शव्हल यांच्यात मूळ फरक दिशेचा आहे. आपलं फावडं मारायचं आणि माती पायाकडे ओढायची. त्यांचं आपल्यापासून दूर ढकलायचं. बर्फ जेवढा ढकलून कडेला नेता येईल तेवढा न्यावा, उचलणं अगदी शेवटी. त्यासाठी वेगळं, रुंद, अर्धवट वळलेल्या पात्याचं फावडं मिळतं. त्याने उचलायचंच नसतं. माझी चूक हीच झाली. ढकलायचं फावडं मी उचलायला वापरलं. उचलायचं फावडं अरुंद हवं, म्हणजे लोभ धरला तरी जास्त भरता येत नाही. दांडा उभा धरला तर कोपर आणि छाती यांच्या दरम्यान यावा. वाकड्या दांड्याने कंबर कमी वाकते, पण तो सगळ्यांच्या हाताला बसतोच असं नाही. दुकानात दहा वेळा उचलून पाहावं, लाजू नये. प्लॅस्टिक हलकं आणि लाकडी पायऱ्यांना चरे न पाडणारं, पण कडक थंडीत तडकतं. अॅल्युमिनियम मधलं. पोलादी धार घट्ट बसलेल्या थराला. पात्याला बर्फ चिकटू नये म्हणून मेणबत्ती घासावी. मी आधी पामहून नेलेलं खोबरेल लावायला गेलो, पण ते बाटलीत गोठून दगड झालं होतं.

आपल्या भाषेत भुसभुशीत हिम आणि आरशासारखा गोठलेला थर, दोन्हींना बर्फच म्हणतात. अवजारं घेताना मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागतो. पडलेला बर्फ तसाच राहिला, वरून मोटार गेली, रात्री गोठला, की फावडं हरतं. मग मीठ. आपल्याकडे आईस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फावर खडेमीठ टाकायचे ते आठवा. तीच करामत. खारं पाणी शून्यावर गोठत नाही, म्हणून मिठाने बर्फ सुटतो. पण साधं मीठ उणे नऊ सेल्सियसच्या खाली फारसं चालत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते महाग. शिवाय मिठाने काँक्रीट खराब होतं, गवत जळतं, म्हणून मूठभर टाकावं, पोतं ओतू नये. पायऱ्यांवर पाय घसरू नये एवढंच हवं असेल तर वाळूही पुरते.

यंत्रांचं जास्त सांगत नाही. एका टप्प्याचं यंत्र वीतभर बर्फाला ठीक, पण खडीच्या वाटेवर ते दगड भिरकावतं. दोन टप्प्यांचं मोठ्या वाटेला आणि मोठ्या बर्फाला. बॅटरीवरचं आवाज कमी करतं, थंडीत लवकर दमतं. मात्र एक गोष्ट शेजारच्या गृहस्थांनी मला यंत्राजवळ उभं करून दाखवली ती सांगायलाच हवी. ओला बर्फ धुराड्यात अडकला की माणूस हात घालतो. इंजिन बंद केलं तरी आतल्या पात्यात ताण उरलेला असतो. अडकलेला बर्फ सुटला की ते फिरतं आणि बोटं जातात. यंत्राबरोबर एक काठी मिळते, त्यासाठीच.

आणि मोटार. २०१६ च्या जानेवारीतल्या मोठ्या वादळात न्यू जर्सीतल्याच पॅसेक गावी एक बाप मोटारीभोवतीचा बर्फ उपसत होता. बायकोमुलांना ऊब मिळावी म्हणून त्याने त्यांना चालू मोटारीत बसवलं होतं. मागची धूर सोडणारी नळी बर्फात बुजलेली होती. विषारी वायू आत साठला. आई आणि वर्षाचं मूल गेलं, काही दिवसांनी तीन वर्षांची मुलगीही. मोटारीजवळ जाताना पहिलं फावडं त्या नळीशी चालवावं. इंजिन नंतर.

तिथल्या बऱ्याच गावांत घरासमोरचा पदपथ ठरावीक तासांत, कुठे बारा तर कुठे चोवीस, घरमालकाने साफ करायचा असा नियम आहे. त्यामुळे 'वितळेल आपोआप' ही आपली भूमिका चालत नाही. यावर जावयांनी शेवटी तोडगा काढला. गल्लीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा हिवाळाभर येतो आणि ठरलेले पैसे घेतो. मला आधी ते पैसे फार वाटले. मग इस्पितळाची बिलं पाहिली, तीही फक्त बाळंतपणाची, आणि गप्प बसलो.

नातू आता दोन वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी गॅरेजचा फोटो पाठवला. भिंतीला फावडी टांगलेली: एक ढकलायचं, एक उचलायचं, एक नातवाचं लाल प्लॅस्टिकचं. माझं रुंद फावडंही आहे. ते सगळ्यांत वरच्या खुंटीला आहे, जिथे शिडीशिवाय माझा हात पोचणार नाही.