'आणखी एकदाच!' म्हणायला लावणारे खेळ

मुलांनो, समजा तुमच्या घरात दोन डबे आहेत. पहिल्याचं झाकण उघडलं की दर वेळी एक चिक्की मिळते. दुसऱ्याचा मात्र काही नेम नाही. कधी तिसऱ्या वेळी मिळते, कधी लागोपाठ दोनदा, तर कधी वीसदा उघडूनही हाती काहीच नाही! एके दिवशी दोन्ही डब्यांतली चिक्की संपते, पण तुम्हाला कुणी ते सांगत नाही. मग तुम्ही कोणता डबा जास्त वेळ उघडत बसाल?

पहिला? छे! तो दोन-तीनदा रिकामा निघाला की तुम्ही ओळखाल, संपली चिक्की. दुसऱ्या डब्यापाशी मात्र तुम्ही म्हणत राहाल, 'आणखी एकदाच! आता तरी मिळेल.'

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी असाच प्रयोग कबुतरांवर केला. बटणावर चोच मारली की दाणे! ज्या कबुतराला दर वेळी दाणे मिळत, ते दाणे बंद झाल्यावर लवकर थांबे. ज्याला कधी मिळत, कधी मिळत नसत, ते मात्र दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राही. चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर त्यांनी १९५७ साली या प्रयोगांवर जाडजूड पुस्तकच लिहिलं.

याचं एक कारण आपल्या मेंदूत आहे. अचानक बक्षीस मिळालं की तिथे डोपामिन नावाचं रसायन वाढतं. गंमत म्हणजे, 'मिळेल का?' या नुसत्या आशेनंही मेंदू तरतरीत होतो.

आता कळलं ना, मटका, लॉटरी, पैसे लावून खेळलेली तीन पत्ती, हे सगळे दुसरे डबेच आहेत! आणि आजच्या मोबाइलवरच्या खेळांतले 'लूट बॉक्स'? खरे पैसे भरून बंद खोका घ्यायचा, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियम देशाने २०१८ साली असे विकत घ्यायचे खोके म्हणजे जुगारच, असं ठरवून टाकलं. खोक्यांवर जास्त पैसे घालवणाऱ्यांमध्ये जुगाराच्या नादाची लक्षणंही जास्त दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. खोका उघडणारा प्रत्येक जण जुगारी होतो, असं मात्र नव्हे बरं का!

इथेच खरी मेख आहे. नाद हा बऱ्याचदा एकटा येत नाही. ज्याला जुगाराचा नाद असतो, त्याला कधी व्हिडिओ गेमचा, कधी सतत खरेदी करण्याचा, कधी तासन्‌तास मोबाइल बघण्याचाही नाद असतो. एखादा पत्ते सोडतो आणि रात्रभर गेम खेळू लागतो. घरचे म्हणतात, 'सुटला बाबा एकदाचा!' पण मनातली उदासी, एकटेपणा किंवा परीक्षेची धास्ती तशीच असते. तिच्यापासून पळायला त्याने फक्त वाट बदललेली असते.

म्हणूनच डॉक्टर आता या गोष्टी एकत्र पाहतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार दारू-तंबाखूच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या यादीत जुगाराचा विकार आणि गेमिंगचा विकार शेजारी शेजारी आहेत. ही यादी २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अर्थात, सुट्टीत दोन तास गेम खेळला म्हणजे कुणी आजारी होत नाही! खेळावरचा ताबा सुटणं, अभ्यास, झोप, मित्र सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, म्हणजे विकार.

आणि अशा माणसाला मूर्ख म्हणू नका. महाभारतातला युधिष्ठिर केवढा शहाणा! द्यूतात सर्वस्व गेलं, मग ते परतही मिळालं. तरी पुन्हा बोलावणं येताच तो खेळायला बसला, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरी पडला.

मग ओळखायचं कसं? स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेलेलं भरून काढायला मी पुन्हा खेळतो का? किती खेळलो, किती पैसे गेले, हे मी लपवतो का? खेळ बंद केला की माझी चिडचिड होते का? एकाचं जरी उत्तर 'हो' आलं, तर आई, बाबा, आजी, ताई, शिक्षक, ज्यांच्यावर विश्वास असेल त्यांना आजच सांगा.

पालकहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण मनाचा नाद कायद्याने सुटत नाही. मूल सांगायला आलं, तर आधी पूर्ण ऐका. हिशेब नंतरही मागता येतो. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ते लपवेल. आणि नुसता मोबाइल काढून घेऊन थांबू नका, तो त्याला कशासाठी लागत होता हेही विचारा.

सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो, आणि मुलांना स्वतः फोन करायचा असेल तर १०९८ आहेच. हे दोन्ही क्रमांक आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तुम्हाला नाही, तर कदाचित तुमच्या मित्राला लागतील.