बंद पडलेलं घ्यावं, उघडलेलं घेऊ नये

घरगुती संगणक आपल्याकडे मुळातच कमी आले. नोव्हेंबर 1984 मध्ये नवं संगणक धोरण आलं, आयात थोडी सैल झाली, तरी चिंचवडच्या कामगार वसाहतींत संगणक दिसायचा तो कुणाच्या परदेशातल्या मामाकडून आलेला. 1986 मध्ये डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. त्याआधी संगणक-साक्षरतेच्या क्लास प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो पोहोचले होते आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने तेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने आणलं. कमोडोर, अमिगा तुरळक. मग नुसतेच 286, 386 आणि 486. त्यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही, त्यामुळे पुढे दोन ओळींत उरकतो.

माल मिळण्याच्या जागा तीन होत्या. पुण्याचा जुना बाजार, रविवार-बुधवारचा. सुटे भाग हवेत तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची तपकीर गल्ली. आणि आमच्या घराजवळची कुदळवाडी. भोसरी-चाकणच्या कारखान्यांनी काढून टाकलेले सीएनसीचे कंट्रोलर, मॉनिटर, कीबोर्ड तिथे किलोवर यायचे, आणि त्याच ढिगात एखाद्या साहेबाच्या घरचा स्पेक्ट्रमही. भंगारवाल्याला एवढंच कळायचं की यात तांबं कमी आहे. आमचं त्यातच फावायचं.

माझा नियम सरळ आहे. बंद यंत्र घ्यावं, पण कुणी हात न लावलेलं. हल्ली मंडळी ‘रिपेअर करून दिलंय’ असं ऐकलं की जादा पैसे मोजतात. अशा यंत्रात डिसोल्डरिंगच्या नादात उखडलेले ट्रॅक असतात, मूळ दोष तसाच असतो आणि नव्या दोन दोषांची भर पडलेली असते. ‘टेस्ट केलेलं नाही’ असं विकणारा सांगतो तेव्हा त्याने ते लावून पाहिलेलं असतं, हे धरूनच भाव करावा. शिक्क्याचा किंवा स्क्रूचा रंग न उडालेलं, धूळ साठलेलं यंत्र असेल तर मात्र घासाघीस करू नये.

आता माझ्या लाडक्या स्पेक्ट्रमकडे येतो. त्यात झेड-80ए प्रोसेसर 3.5 मेगाहर्ट्झवर चालतो, फेरांटीची यूएलए ही चिप चित्र काढते, आणि खालची 16 केबी मेमरी 4116 जातीच्या आठ आयसींत, आयसी 6 ते 13. या 4116 ला तीन व्होल्टेज लागतात: अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5. बाहेरून येतात फक्त 9 व्होल्ट. बोर्डावरची एक कॉइल आणि टीआर 4 हा ट्रान्झिस्टर मिळून अधिक 12 आणि उणे 5 चा खटाटोप करतात. उणे 5 गेलं की 12 व्होल्टवर 4116 जळते. जळालेली 4116 टीआर 4 ला घेऊन जाते. नुसता टीआर 4 बदलून बटण दाबणारा माणूस तो लगेच दुसऱ्यांदा जाळतो. म्हणून वीज न देता आधी 12 व्होल्टच्या ओळीचा ग्राउंडशी रोध मोजावा.

खरी मौज पुढे आहे. पडद्याची मेमरी 16384 या पत्त्यापासून सुरू होते, म्हणजे याच आठ आयसींत. प्रत्येक आयसीकडे बाइटचा एकेक बिट. एखादी अडकली की पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी एक उभी रेघ येते. रेघ कितव्या जागी आहे ते मोजा, आयसी सापडली. दोष स्वतःच आपलं नाव पडद्यावर लिहितो! वरच्या 32 केबीत तर सिंक्लेअरने अर्ध्या बिघडलेल्या 64 किलोबिटच्या आयसी स्वस्तात घेऊन बसवल्या होत्या. चांगला अर्धा वरचा की खालचा, ते बोर्डावरच्या एका जोडतारेनं ठरायचं. तिथे आज सरळ 4164 लावावी.

अ‍ॅडॉप्टरचं एक सांगून ठेवतो. स्पेक्ट्रमला आतली पिन ऋण लागते, आणि गल्लीतला नेहमीचा 9 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आत धन. कित्येक चांगली यंत्रं एवढ्यावर मेली आहेत.

बाकीच्यांचं थोडक्यात. कमोडोर 64 चा विटेएवढा, आत राळ ओतलेला अ‍ॅडॉप्टर म्हातारपणी 5 व्होल्टच्या वर जातो आणि मेमरी खातो. आधी मीटर, मग जोडणी. बीबीसीच्या पॉवर सप्लायमधला तडकलेला कपॅसिटर धूर काढतो. घाबरू नका, बदला. 386 मध्ये बॅटरीचा अल्कली पाझरून ट्रॅक खातो. बॅटरी छाटा, व्हिनेगरनं पुसा.

काही विद्वान म्हणतात, हे सगळं मोबाइलवरच्या एम्युलेटरवर चालतं, मग हा भंगाराचा उद्योग कशाला? एम्युलेटरची 4116 कधी जळत नाही, म्हणून तो काही शिकवतही नाही. दुसरा पंथ सगळे कपॅसिटर सरसकट बदलणाऱ्यांचा. निदान न करता बदल करणं ही दुरुस्ती नव्हे. आणि दुरुस्तीला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी करणारे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत असत.

आता मात्र माल आटला आहे. 1 मे 2012 पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले, ते योग्यच, पण कारखाना आता जुनी खोकी थेट अधिकृत रिसायकलरला देतो आणि तिथे कुणी झाकण उघडून बघत नाही. सोन्याच्या लोभानं जुन्या आयसी अ‍ॅसिडात बुडवणारे वेगळेच. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामं पाडली. त्याच्या कायद्यात मी शिरत नाही. पण आमचा ढीग त्यात गेला. झेड-80 बनवणाऱ्या झायलॉगनेही 2024 मध्ये त्याच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या.

तेव्हा वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर असं एखादं यंत्र सापडलं तर ‘चालतंय का बघू’ म्हणून वीज जोडू नका. बॅटरी असेल तर काढा, अ‍ॅडॉप्टर त्याचाच आहे का पाहा, आणि भंगारवाल्याला द्यायच्या आधी एखाद्या दुरुस्तीवाल्याला दाखवा.