अंतर एक, अवधी दोन
लंडन आणि न्यूयॉर्क या दोन नगरांमधील हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर असून ते जाताना वा येताना तसूभरही बदलत नाही. तथापि वेळापत्रके ताडून पाहिली असता, पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशास जेथे जवळजवळ आठ तास लागतात, तेथे पूर्वेकडे परतणाऱ्यास सातच पुरतात, असे आढळते. विमानाखालून पृथ्वी फिरते म्हणून हे घडते, ही समजूत सुशिक्षितांमध्येही रूढ आहे. पण ती खरी असती, तर उलट पश्चिमेचाच प्रवास लवकर आटोपला असता! वस्तुतः भूपृष्ठापासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, ध्रुवाकडील शीत आणि दक्षिणेकडील उष्ण हवेच्या सीमेवर, पूर्वेकडे धावणारा वायूचा प्रचंड ओघ असतो, आणि हिवाळ्यात ही तापमानाची तफावत वाढली म्हणजे त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाने न्यूयॉर्कहून लंडन ४ तास ५६ मिनिटांत गाठले, त्या श्रेयाचा मोठा हिस्सा, न्यायाने, वाऱ्याचाच. म्हणूनच अटलांटिकवरील मार्ग वाऱ्याचा अदमास घेऊन दररोज नव्याने आखले जातात, आणि पश्चिमेस निघालेले विमान पुष्कळदा लांबचा रस्ता खुशीने पत्करते.