प्रमुख नसलेलं घर

पवनारला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, इथल्या प्रमुख कोण? ब्रह्मविद्या मंदिरात या प्रश्नाला उत्तर नाही. अध्यक्षा नाही, संचालिका नाही, गादी नाही, गादीचा वारस नाही. २५ मार्च १९५९ रोजी सुरू झालेल्या या आश्रमाला २०२४ साली पासष्ट वर्षं पूर्ण झाली. प्रमुखाविना बायकांनी इतकी वर्षं एक घर चालवलं, याचं वर्धा जिल्ह्यात कुणाला फारसं नवल वाटत नाही. वाटायला हवं. आपल्याकडे गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा अध्यक्षपदावरून फुटतं.

वर्ध्याहून नागपूरच्या जुन्या रस्त्यानं आठेक किलोमीटरवर धाम नदी लागते आणि काठावरच्या टेकाडावर आश्रम. नदीच्या पात्रात गांधीजींच्या रक्षाविसर्जनाचं स्मारक आहे, तिथं दर १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो. टेकाडावरचा बंगला मुळात जमनालाल बजाजांचा. १९३८ साली आश्रमाचे पुढचे संस्थापक विनोबा भावे, प्रकृती पार ढासळलेली असताना, हवापालटासाठी इथं आले आणि धामच्या पलीकडचं म्हणून जागेला ‘परंधाम’ म्हणू लागले. शेतात कुदळ चालवताना जुनी शिल्पं निघाली. त्यातलं एक विनोबांनी भरत-राम भेटीचं म्हणून ओळखलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना याच भेटीचं चित्र त्यांनी शब्दांत उभं केलं होतं, त्यामुळे ते शिल्प त्यांना आपल्यासाठीच वर आल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर. म्हणजे इथल्या काळ्या मातीत दीड हजार वर्षांचं सामान दडलेलं होतं. सापडलेल्या मूर्ती आजही आश्रमातच आहेत.

पण बायकांचं घर इथं कसं आलं, ही गोष्ट थोडी मागून सांगावी लागते.

लग्नाच्या चौकटीबाहेर राहिलेल्या बाईला आपल्या समाजात छप्पर कुठे होतं? माजघरामागची अंधारी खोली, नाहीतर काशी. ख्रिस्ती धर्मात निदान मठ होते, जोगिणींची घरं होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ, समुद्राच्या वाऱ्यात, शारदा सदन काढलं, तेव्हा त्यामागे पैसा उभा केला तो अमेरिकेतल्या चर्चमंडळींनी. त्या सदनानंच गोदूबाईंना, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्व्यांना, शिकवलं. पुण्याला हलल्यावर धर्मांतराच्या वादात सदनाची काय ओढाताण झाली, ते सर्वश्रुत आहे. ओढाताण करणाऱ्यांनी स्वतः अशी किती घरं बांधली होती, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

परंपरेत काहीच नव्हतं असंही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवावं. महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी तेराव्या शतकात बायकांना संन्यासाची वाट मोकळी केली आणि महदाईसा त्या वाटेनं चालली. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांची नावं तर घरोघरी आहेत. पण त्या एकेकट्या. आपल्याकडे संत बाया झाल्या, त्यांची घरं झाली नाहीत.

विनोबांच्या डोक्यात हीच उणीव होती. बुद्धानं स्त्रियांना संघात घेताना का-कू केली, महावीरानं मात्र बेधडक दार उघडलं, हा फरक ते वारंवार सांगत. शास्त्रं पुरुषांनी लिहिली म्हणून ती एकांगी राहिली, आता ब्रह्मविद्येत मुरलेल्या बायकांनी आपली शास्त्रं लिहावीत, असं त्यांचं म्हणणं. भूदानाच्या धामधुमीत त्यांना आणखी एक गोष्ट टोचत होती: खाली अध्यात्माची ओल नसेल तर चळवळ सुकते. त्यातून पवनारच्या जुन्या जागेत भगिनींची सामूहिक साधना सुरू करायचं ठरलं.

आता यातली गंमत बघा. संस्थापक जागेवर नव्हतेच. १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनार सोडून पायी निघालेले विनोबा परतले ते एप्रिल १९६४ मध्ये. आश्रमाची पहिली पाच वर्षं भगिनींनी त्यांच्या गैरहजेरीतच काढली. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या भाषा बोलत आलेल्या, काही भूदानात पाय झिजवून आलेल्या या मुली. त्यांनी स्वयंपाक, शेती, झाडलोट, सूतकताई, सगळं आपापसांत वाटून घेतलं. नोकर नाही, आणि हलकं काम एकीचं, भारी काम दुसरीचं, असंही नाही. माझ्या मते आश्रमाला स्वतःचे पाय फुटले ते या पाच वर्षांत. परतल्यावर विनोबा शेजारी राहिले, प्रश्न विचारले तर बोलत, पण कारभारात पडत नसत. त्यांचा शब्द तरीही जड असणारच, त्यात शंका नको. पण घर आधीच चालू झालेलं होतं.

कारभाराची रीत एकच: सर्वसंमती. बहुमत चालत नाही. दहा जणींचं एक मत झालं आणि अकरावी अडली, तर विषय थांबतो. मग पुन्हा बोलायचं, पुन्हा थांबायचं. बाहेरच्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल, आणि आहेही. पण हरलेला गट नावाची चीज इथं तयारच होत नाही, आणि संस्था फुटतात त्या बहुधा हरलेल्या गटापासून.

दिवस पहाटे ईशावास्याच्या पाठानं सुरू होतो. सकाळी साडेदहाला हातातलं काम ठेवून सगळ्या जमतात आणि विष्णुसहस्रनाम म्हणतात. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. मधला वेळ कामाचा. उतारवयात विनोबा स्वतः तासन्‌तास आवारातली सफाई करत. एकेक काडी, एकेक वाळलेलं पान वाकून उचलायचं, जपमाळेचा मणी ओढावा तसं. पाहुण्यांनी याचं कौतुक करत उभं राहावं अशी अपेक्षा नसे, वाकावं अशी असे.

‘मैत्री’ हे आश्रमाचं हिंदी मासिक. आश्रमातल्या कालिंदीताईंनी संकलित केलेलं विनोबांचं आत्मकथन, ‘अहिंसा की तलाश’, याच आवारात घडलं आणि मार्जरी साइक्स यांनी ते इंग्रजीत नेलं. या साइक्सबाई क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती, सेवाग्रामच्या नई तालीममध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या. विनोबांनीही ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढलं, ‘कुराण-सार’ काढलं. चौपाटीचं सदन आणि धामकाठचं मंदिर यांच्यातलं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही, ते असं.

‘मैत्री’वर एकदा पोलिसही आले. साल १९७६, आणीबाणी. गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याची विनोबांची घोषणा अंकात छापली होती. पोलिसांनी आश्रमात येऊन अंक जप्त केले. मराठी माणसाला विनोबा आणि आणीबाणी म्हटलं की ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द तेवढे आठवतात, आणि त्यावरचा राग मला अनाठायी वाटत नाही. मौनातल्या माणसाचे दोन शब्द सरकारनं भिंतीभिंतींवर रंगवले आणि ते पुसायला विनोबा वेळीच उठले नाहीत. पण ज्यांना सरकारी संत म्हणून हिणवलं गेलं, त्यांच्याच अंगणातलं मासिक त्याच सरकारनं उचलून नेलं, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न-औषध सोडून, विनोबांनी इथंच देह ठेवला. व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या आश्रमांचं अशा वेळी काय होतं, हे आपण पुष्कळ पाहिलंय: वारसाचे खटले, नाहीतर कुलूप. पवनारला दोन्हींतलं काहीच झालं नाही. भांडायला पदच नव्हतं. १५ नोव्हेंबरच्या सुमारास दरवर्षी इथं मित्र-मिलन भरतं, देशभरातून माणसं येतात आणि परत जातात. भगिनी राहतात.

अडचण वेगळीच आहे. सुरुवातीच्या भगिनी थकल्या, काही गेल्या. आजन्म ब्रह्मचर्य, अंगमेहनत, पगार नाही, या अटींवर येणाऱ्या मुली थोड्या. आणि का याव्यात? वर्ध्याची मुलगी आज वसतिगृहात राहून इंजिनिअर होते, पुण्याची रात्रीची बस पकडते, लग्न केलं नाही तर भाड्यानं फ्लॅट घेते. रमाबाईंच्या मुलींना ज्या नाइलाजानं दार ठोठावावं लागलं, तो बराचसा सरला, आणि ते चांगलंच झालं. आता पवनारला येईल ती केवळ आपणहून, मनापासून वाटलं म्हणून येईल. अशा फार असणार नाहीत. अटी सैल करून संख्या वाढवण्याचा रस्ता आश्रमानं धरलेला नाही.

२०३४ साली पंचाहत्तरी येईल. तेव्हा मांडव घालायचा की नाही, हेही सगळ्या मिळूनच ठरवतील, आणि एकीनं जरी नको म्हटलं तरी मांडव घातला जाणार नाही.