जामसांवलीची शेती आणि स्फुरदाचा दूरचा प्रवास

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील सौसर तालुक्यात असलेले जामसांवली हे गाव निद्रिस्त हनुमान मूर्तीच्या मंदिरामुळे परिचित आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले सौसर आणि पांढुर्णा हे तालुके २०२३ पासून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले आहेत. मराठी बोलणाऱ्या या सीमाभागात कापूस, तूर व संत्रा ही महत्त्वाची पिके होत. या पिकांना नत्र, स्फुरद व पालाश अशी तीन मुख्य अन्नद्रव्ये लागतात. यांपैकी स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, हे केवळ खडकातून मिळणारे द्रव्य आहे. नत्र हवेतून मिळविता येते. स्फुरदाला असा दुसरा मार्ग नाही. म्हणूनच खताच्या गोणीचा विचार करताना खाणीचा विचार करणे अपरिहार्य ठरते.

खनिज आहे, पण ते नव्हे

सौसरचे नाव भूशास्त्राच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. मध्य भारतातील रूपांतरित खडकांच्या एका मोठ्या समूहाला 'सौसर समूह' असेच म्हणतात. हा पट्टा छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत पसरलेला असून त्यात मँगनीजचे विपुल साठे आहेत. एल. एल. फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साठ्यांचे सविस्तर वर्णन केले आणि गोंड समाजाच्या नावावरून एका मँगनीजयुक्त खडकाला 'गोंडाइट' हे नाव दिले. नागपूर येथे मुख्यालय असलेली 'मॉयल' ही सार्वजनिक कंपनी आजही या पट्ट्यात खाणकाम करते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. मँगनीजच्या धातुकात स्फुरद थोड्या प्रमाणात आढळतो. परंतु पोलाद उद्योगाच्या दृष्टीने तो दोष मानला जातो, कारण त्यामुळे पोलाद ठिसूळ बनते. जो घटक भट्टीला नकोसा असतो, तोच शेताला हवा असतो. मात्र धातुकातील हे प्रमाण इतके अल्प असते की त्यापासून खत बनविणे शक्य होत नाही. त्यासाठी रॉक फॉस्फेटचा स्वतंत्र साठा लागतो.

देशातील साठे व परावलंबन

भारतातील रॉक फॉस्फेटची सर्वात मोठी खाण राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे आहे. हा साठा १९६८ साली उजेडात आला. मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यातील मेघनगर आणि सागर-छतरपूर भागातील हिरापूर येथे रॉक फॉस्फेट सापडते. परंतु देशी खनिजाचा बराच भाग कमी प्रतीचा आहे. कारखान्यांना साधारणपणे ३० टक्के किंवा त्याहून अधिक फॉस्फरस पेंटॉक्साईड असलेला दगड हवा असतो. त्यामुळे हलक्या प्रतीचा दगड दळून, धुऊन व तरंगण प्रक्रियेने त्याची प्रत वाढवावी लागते.

परिणामी कच्चा दगड, फॉस्फोरिक आम्ल व तयार डीएपी मिळून स्फुरदाची सुमारे ९० टक्के गरज आयातीवर भागते. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को व पश्चिम सहारा भागात आहेत. भारत मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त आदी देशांकडून दगड घेतो. चीनने २०२१ मध्ये निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा डीएपीच्या पुरवठ्यावर त्याचा परिणाम झाला. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत फॉस्फरसचा समावेश केला, तो याच पार्श्वभूमीवर.

दगडाचे खत कसे होते?

जवळच्या खाणीतील दगड दळून थेट शेतात का टाकू नये, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. याचे उत्तर मातीत आहे. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते. चुनखडीयुक्त काळ्या मातीत ते जवळजवळ तसेच पडून राहते. म्हणून कारखान्यात त्यावर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात विरघळणारे सिंगल सुपर फॉस्फेट तयार करतात. इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी १८४२ साली या पद्धतीचे पेटंट घेतले होते. भारतात असा पहिला कारखाना १९०६ साली तामिळनाडूतील राणीपेट येथे निघाला. मुंबईत ट्रॉम्बे येथील आरसीएफ ही कंपनी गंधकाम्लाऐवजी नत्राम्ल वापरून 'सुफला' हे मिश्रखत बनविते. डीएपीसाठी आधी फॉस्फोरिक आम्ल तयार करावे लागते. या आम्लातील प्रत्येक टन फॉस्फरस पेंटॉक्साईडमागे ४ ते ५ टन फॉस्फोजिप्सम शिल्लक राहते आणि त्याची विल्हेवाट हा पर्यावरणाचा मोठा प्रश्न आहे.

गोणीचे गणित

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद (पेंटॉक्साईड रूपात) असते. १६ टक्क्यांच्या सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद मिळते, शिवाय सुमारे १६ किलो गंधकही मिळते. त्यांच्या जोडीला २० किलो युरिया दिला की नत्राची भरपाई होते. डीएपी न मिळाल्यास हंगाम वाया जातो, ही समजूत या हिशेबाने दूर होऊ शकते.

दुसरा मुद्दा अपव्ययाचा आहे. काळ्या मातीत विरघळलेला स्फुरद कॅल्शियमशी संयोग पावून पुन्हा घट्ट होतो. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो. तो मातीत फारसा सरकतही नाही. म्हणून खत वरून फेकण्याऐवजी पेरणीच्या वेळी बियाण्याजवळ, अथवा संत्र्याच्या आळ्यात शेणखतात मिसळून देणे हितावह ठरते. स्फुरद विरघळविणारे जिवाणू खतही साह्यकारी होते.

समारोप

मोरोक्कोच्या खाणीतून निघालेला स्फुरद समुद्र, कारखाना व रेल्वे असा प्रवास करून जामसांवलीच्या शेतात पोहोचतो आणि तेथे त्याचा मोठा भाग मातीतच अडकून पडतो. ज्या शेतांना वर्षानुवर्षे स्फुरद दिला गेला, तेथे तो आधीच साठलेला असू शकतो. मातीपरीक्षणावाचून हे कळत नाही. सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांनी विद्यार्थ्यांना घरच्या शेतातील मातीचा नमुना घेणे, गोणीवरील आकडे वाचणे आणि वरील हिशेब करणे शिकविले, तर रसायनशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र हे तीनही विषय एका गोणीतून शिकविता येतील. नवीन खाण उघडायला बराच काळ जावा लागतो. मातीत साठलेल्या स्फुरदाचा उपयोग मात्र येत्या हंगामापासूनच करता येतो.